हातोहात निरोप : कमी विजेवर चालणारे बिनतारी जाळे

रात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघालेली माणसे आपल्या कोगनोळी परिसरात नवीन नाहीत. थ्री-फेज वीज येईल तेव्हा उठायचे, उसाच्या सरीतून चिखल तुडवत जायचे, पायाखाली साप-किरडू येईल ही धास्ती वेगळीच. एवढे करून कधी कधी रानात ओल पुरेशी असते आणि फेरी फुकट जाते. जमिनीतली ओल घरी बसून कळली तर?

ओल मोजणारा संवेदक जमिनीत पुरता येतो. अडचण आहे ती त्याचा निरोप घरापर्यंत आणण्याची. प्रत्येक संवेदकाला सिमकार्ड द्यावे तर रिचार्जचा खर्च वाढतो, शिवाय वीजही जास्त लागते. यासाठी २००३ साली आय-ट्रिपल-ई या संस्थेने ८०२.१५.४ हे मानक ठरवले. त्याच्यावर आधारलेली ‘झिगबी’ पद्धत २००४ च्या अखेरीस तयार झाली. (हे नाव मधमाशीच्या नागमोडी नाचावरून घेतले आहे!) यात वेग फार थोडा, सेकंदाला जास्तीत जास्त २५० किलोबिट, आणि एक निरोप १२७ बाइटपेक्षा मोठा नसतो. गाणी-चित्रे पाठवायला हे निरुपयोगी. पण ‘ओल २२ टक्के’ एवढेच सांगायला भरपूर झाले.

असे एक यंत्र फार तर काही दहा मीटर, मोकळ्यावर शंभरेक मीटर पोहोचते. मग लांबचा निरोप कसा येतो? स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, तसा. एक यंत्र शेजारच्याला देते, तो पुढच्याला. मधला एखादा बंद पडला तर निरोप दुसऱ्या शेजाऱ्याकडून वाट काढतो. यालाच जाळे म्हणतात.

आता विजेचा हिशेब पाहू. समजा, दोन पेन्सिल सेल मालिकेत जोडले आणि त्यांची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास आहे. यंत्र जागे असताना २० मिलिअँपिअर घेते. सतत जागे ठेवले तर २००० ÷ २० = १०० तास, म्हणजे चार दिवसांत सेल संपले. पण ते १५ मिनिटांतून फक्त २ सेकंद जागे राहिले आणि बाकी वेळ झोपेत ०.०१ मिलिअँपिअर घेतले, तर सरासरी येते सुमारे ०.०५४. म्हणजे कागदावर चार वर्षांहून अधिक! प्रत्यक्षात सेल आपोआपही उतरतात, म्हणून थोडे कमीच धरावे.

येथे एक मेख आहे. दुसऱ्याचा निरोप पुढे पोहोचवणारा झोपी गेला तर निरोप घ्यायचा कोणी? म्हणून झिगबीत मधल्या निरोप्यांना सतत जागे राहावे लागते, त्यांना सौर पॅनेल किंवा घरची वीज द्यावी लागते. जाहिरातीत हे सहसा सांगत नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात याचा चांगला प्रयोग झाला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. उदय देसाई आणि सहकाऱ्यांनी २००० च्या दशकात ‘अ‍ॅग्रीसेन्स’ प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षबागेत असे संवेदक लावले. तापमान, हवेतील दमटपणा, पानावरील ओल आणि जमिनीतील ओल ते मोजत. द्राक्षावरचा केवडा रोग पान किती तास ओले राहिले यावर बराच अवलंबून असतो. ते तास कळले तर अंदाजाने मारलेली एखादी फवारणी वाचू शकते. द्राक्षबागायतदाराला विचारा, एका फवारणीला किती पैसे जातात!

आपल्या उसात मात्र अडचण आहे. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि पाणी त्या शोषून घेते. उंच, ओल्या उसाच्या आत यंत्र ठेवले तर त्याचा आवाज तिथेच विरतो. अँटेना शेंड्यांच्या वर काढावी लागते. आणि आपली मोटर नदीकाठी दोन-तीन किलोमीटरवर एकटीच असेल, तर जाळ्याच्या भानगडीत पडू नये. तिथे मोबाईलवर चालणारा स्टार्टरच बरा. जाळे शोभते ते रोपवाटिका, शेडनेट, ठिबकचे अनेक व्हॉल्व्ह अशा जवळजवळच्या कामांना.

एक गणित घरी करून पाहा. वरचेच यंत्र दर १५ मिनिटांऐवजी दर मिनिटाला २ सेकंद जागे झाले, तर सेल किती दिवस पुरतील? उत्तर चार महिन्यांच्या आसपास यायला हवे.