बाबासाहेबांनी विज्ञानासाठीच पैसे का मागितले?



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एकच वाक्य ऐकू येते : "आर्ट्सला घाला, खर्च कमी." माझ्याही घरी हेच झाले. मी गणितात वर्गात पहिला होतो. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची. सायन्सची फी, पुस्तके, शहरातली खोली असा हिशेब तिने बोटांवर केला आणि मला तालुक्याच्या कॉलेजात कला शाखेत घातले. मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, शिक्षक झालो. आईचा हिशेब चुकला नव्हता. पण त्या खर्चासाठी शिष्यवृत्ती असते, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. म्हणून आजचा पाठ.

बाबासाहेब स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले, म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. पण एकाला मिळाले म्हणजे समाजाला मिळाले, असे त्यांनी मानले नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरमध्येच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यात शिक्षणासाठी दोन मागण्या होत्या. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना देशातील शिक्षणासाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशातील शिक्षणासाठी वर्षाला १ लाख रुपये.

येथे थोडे थांबून विचार करा. मागणारा मनुष्य अर्थशास्त्राचा पंडित आणि बॅरिस्टर होता. तरी त्याने कला आणि कायद्यासाठी पैसे मागितले नाहीत. का? त्यांचे म्हणणे असे की, कला व कायद्याच्या पदवीने आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही. उच्च दर्जाचे विज्ञान व तंत्रज्ञान हवे. पण ते महाग आहे, म्हणून आपली मुले स्वस्त शाखेकडे वळतात. म्हणजे शाखा मुलाची बुद्धी ठरवत नाही, बापाचा खिसा ठरवतो. माझ्या आईचा हिशेब बाबासाहेबांनी किती वर्षे आधी ओळखला होता!

या प्रयत्नांतून १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८ मध्ये ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवले, त्यांचे हे देणे आहे.

आता नवदीक्षित कुटुंबांची शंका. "दीक्षा घेतली तर मुलांची शिष्यवृत्ती जाईल का?" ही भीती निराधार नव्हती. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या यादीत स्थान नव्हते. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, एवढेच. १९९० साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राचीही मान्यता मिळाली. तेव्हा ही भीती आता सोडा.

दुसरी शंका अधिक खोल आहे. "जात सोडली, मग दाखल्यावर ती का लिहायची?" आपण जात मानत नाही. परंतु जातीने जे नुकसान केले, त्याची नोंद शासनाच्या दप्तरात राहू द्यावी लागते. जखम भरली तरी डॉक्टरचा कागद आपण फाडत नाही. धर्म बौद्धच लिहा. पूर्वीच्या जातीचा पुरावा मात्र जपून ठेवा.

कामाच्या गोष्टी : वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मिळवा. अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशाला जात-वैधता लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. मुलाचे बँक खाते आधारशी जोडा. अर्ज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी करा. उत्पन्नमर्यादा आणि तारखा बदलत असतात, म्हणून दर वर्षी समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

मागील वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीला कॉलेजने "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आल्यावर बघू" असे सांगितले. बाप परत फिरला होता. आम्ही तिघे शिक्षक लेखी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा प्रवेश झाला. आज ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्ज लिहायला अर्धा तास लागला.

आपण विहारात दान देतो. शिकलेल्यांनी जून-जुलैत एक रविवार विहारात बसून मुलांचे फॉर्म भरून द्यावेत. हेही दानच आहे.

पाठावरील प्रश्न :
१. बाबासाहेबांनी विज्ञान-तंत्रशिक्षणासाठीच रक्कम का मागितली?
२. १९९० च्या बदलाने बौद्धांना काय मिळाले?
३. आपल्या वस्तीत यंदा दहावी-बारावी झालेली मुले किती? त्यांतील कोणाचे कागद अपुरे आहेत?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरोघर जाऊन लिहावे.

जय भीम!