अक्षरांचे उपासक : र. कृ. जोशी

नांदेड येथे सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी अक्षरे दृष्टीस पडतात. देगलूर-बिलोलीच्या बाजूस गेले, की तेलुगू कानी येऊ लागते. लातूर जिल्ह्यातील उदगीर-निलंग्यापलीकडे कन्नड मुलूख लागतो. या भागात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट सहजच उमगते, ती ही, की भाषेला जसा आवाज असतो, तसा चेहराही असतो. भाषेचा चेहरा म्हणजे तिची लिपी.

आपल्या लिप्यांचे हे चेहरे यंत्राच्या युगातही रेखीव राहावेत, म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, ते म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. त्यांचा जन्म १९३६ साली झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. पुढे जाहिरातीच्या व्यवसायात ते कलासंचालक म्हणून नावारूपास आले. ते कवीही होते. शब्दांचा अर्थ कानाप्रमाणे डोळ्यांनाही भिडावा, अशा रीतीने अक्षरांची मांडणी करून त्यांनी दृश्य कविता रचल्या. चित्र, काव्य आणि सुलेखन या तिन्ही वाटा त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या.

१९८३ साली ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. तेथे १९९६ पर्यंत त्यांनी अध्यापन केले. अक्षर कसे काढावे एवढेच सांगून न थांबता, ते तसे का घडले याचाही विचार ते करीत. बोरूचे टोक तिरके कापलेले असते; म्हणून हात वळेल तशी रेघ कोठे जाड, तर कोठे बारीक उमटते. अक्षराचे सौंदर्य असे हात आणि लेखणी यांच्या मेळातून जन्मास येते.

यंत्रांना मात्र हा मेळ ठाऊक नव्हता. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्या असत. त्यामुळे अक्षरांचे तुकडे जोडून शब्द उभे करावे लागत आणि कित्येक जोडाक्षरे पाय मोडून लिहावी लागत. संगणक आला, तोही प्रथम रोमन लिपीच्या सोयीचा. रोमन अक्षरे एकामागून एक ओळीने बसतात. आपले तसे नाही. ‘कि’ या अक्षरात वेलांटीचा उच्चार मागून होतो, पण तिची जागा ‘क’च्या आधी असते. ‘सूर्य’ या शब्दातील ‘र्’ आधी उच्चारला जातो, पण तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. यंत्रासाठी लिपीने आपले अंग चोरावे, की लिपीसाठी यंत्राने तिचे नियम शिकावेत? जोशी यांच्या कार्याने या प्रश्नाचे उत्तर दिले : शिकावे ते यंत्राने.

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सहकाऱ्यांसमवेत त्यांनी भारतीय लिप्यांची मुद्राक्षरे घडविली. ‘मंगल’ हे त्यांचे देवनागरी मुद्राक्षर विंडोज २००० या संगणक प्रणालीबरोबर देशभर पोहोचले. गावोगावच्या कचेऱ्यांतील आणि शाळांतील असंख्य लोकांनी त्याच अक्षरांत मराठी मजकूर लिहिला. परंतु ती कोणी घडविली, हे फार थोड्यांना ठाऊक होते. गुरुमुखीसाठी ‘रावी’, तेलुगूसाठी ‘गौतमी’ आणि कन्नडसाठी ‘तुंगा’ हीदेखील त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाली. ही तिन्ही नावे नद्यांची आहेत. त्यांतील गौतमी म्हणजे नांदेडजवळून वाहणारी आपली गोदावरीच होय.

५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जोशी यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेल्या अक्षरांवर त्यांची स्वाक्षरी नाही. वाचणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे लागावे आणि अक्षराने मात्र मुकाट्याने आपले काम करावे, यातच अक्षर घडविणाऱ्याचे यश असते. आधी स्वतःच्या हाताने अक्षर जाणून घ्यावे आणि मगच ते यंत्राला शिकवावे, हाच धडा त्यांच्या जीवनातून मिळतो.