आजारातील वुजू आणि मस्जिदीची वाट

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले आमच्या मोहल्ल्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ कित्येक महिने मस्जिदीत आले नाहीत. भेटीस गेलो, तेव्हा हळूच म्हणाले, "मौलाना, लघवीचे थेंब थांबत नाहीत. वुजू टिकत नाही. जमाअतीत कोणत्या तोंडाने उभा राहू?"

शरीअतमध्ये याचे उत्तर आहे. नमाजच्या एका संपूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर हनफी फिकहनुसार ती व्यक्ती 'माजूर' ठरते. तिने वेळ सुरू झाल्यावर वुजू करावा. वेळ संपेपर्यंत या थेंबांनी तो तुटत नाही. कोकणातील आपल्या शाफिई बांधवांनी मात्र प्रत्येक फर्जसाठी नवा वुजू करावा. पॅड नीट बांधलेले असेल आणि मस्जिद नापाक होण्याची भीती नसेल, तर जमाअतीत येण्यास आडकाठी नाही. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. उभे राहणे अशक्य असल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्याची मुभा प्रेषितांनी (स.) त्यांना दिली.

शिवाय, हार्मोन-उपचाराने हाडे व स्नायू दुर्बल होतात, थकवा येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालल्यास हा थकवा हलका होतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम लघवीवरील ताबा मिळवण्यास साहाय्य करतो. पण आपले पुरुष हे डॉक्टरांना विचारण्यासही लाजतात! घरच्यांनीच विचारावे, आणि अजान झाली की "अब्बा, चला" म्हणून सोबत निघावे.

ते गृहस्थ आता असरला नातवाचा हात धरून येतात. शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ, त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली आहे.