यंत्राची परीक्षा

शाळेत परीक्षा द्यावयाची ती विद्यार्थ्यांनी, असा सर्वत्र रिवाज आहे. बडोदे शहरात मात्र एकदा यंत्राचीच परीक्षा घेण्यात आली.

इ. स. २००० मध्ये तेथील महानगरपालिकेच्या शंभर शाळांना सरकारकडून प्रत्येकी चार संगणक मिळाले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा त्यांतील फारच थोडे संगणक लहान मुलांच्या हाती पडत असल्याचे दिसले. शाळेत यंत्र आले म्हणजे विद्या आली, असे थोडेच आहे! मग संस्थेने गणिताचे खेळ योजले. चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, एका संगणकापुढे दोघे अशी बसत. मुलाची तयारी जशी वाढे, तशी उदाहरणेही अवघड होत जात.

खेळ मुलांना आवडला, एवढ्यावरून तो उपयुक्त ठरत नाही. वर्षअखेर गुण वाढले, तरी संगणकावाचूनही मुले वर्षभरात काही ना काही शिकतातच. मग त्या गुणांतील यंत्राचे किती आणि गुरुजींचे किती, हे ओळखावे कसे? अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी या अभ्यासकांनी त्यासाठी एक साधी युक्ती केली. शाळांची निवड त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवावर सोपविली. सुमारे निम्म्या शाळांत खेळ सुरू झाले. उरलेल्यांत नित्याचा क्रम चालू राहिला. शाळांनी आपण होऊन नावे दिली असती, तर उत्साही शाळाच पुढे सरसावल्या असत्या आणि त्यांच्या उत्साहाचे श्रेय फुकट यंत्राला मिळाले असते!

दोन्हींकडील मुलांची सारखीच परीक्षा झाली. गणितात खेळणारी मुले स्पष्टपणे सरस ठरली. दुसऱ्या वर्षी तर अधिकच. भाषेत मात्र काहीच फरक पडला नाही.

त्याच सुमारास बडोद्यात व मुंबईत आणखी एक प्रयोग चालला होता. वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवी. तिला ‘बालसखी’ म्हणत. गणितात तिच्या मुलांची प्रगती संगणकावरच्या मुलांहून थोडी कमी भरली. पण खर्चाच्या मानाने बालसखी कितीतरी स्वस्त पडली.

हे प्रयोग थांबल्यावर वर्षभराने मुलांची पुन्हा परीक्षा घेतली गेली. कमावलेल्या गुणांतील बराच भाग तोवर ओसरून गेला होता. संगणकाने मिळवून दिलेलाही, आणि बालसखीनेही.