आता काढलंच आहे तर…

दिवाळीआधी हॉलची एक भिंत रंगवायची, इतकंच ठरलेलं असतं. रंगारी खरवडायला लागतो आणि पोपड्याबरोबर हातभर गिलावा खाली येतो. मागे बाथरूम, म्हणजे ओल तिथूनच. प्लंबर चार टाइल्स फोडतो. तसल्या टाइल्स बाजारातून कधीच गेलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण भिंतच उतरवावी लागते. मग इलेक्ट्रिशियन, सुतार आणि सल्ला द्यायला आलेली आत्या एकच वाक्य बोलतात: ‘आता काढलंच आहे तर…’

या दुखण्याचा जुना रुग्ण म्हणजे फ्रेंच विचारवंत देनी दिदरो. घरात नवा लालभडक झगा आला आणि त्याच्यापुढे बाकीची खोली त्याला कळकट दिसू लागली. गवती बैठकीची खुर्ची गेली, मोरोक्को चामड्याची आली. मेज, चित्रं, फळ्या सगळं पालटलं. 1769 मध्ये त्याने यावर निबंध लिहिला, तोही ऐपतीपेक्षा रसिकता जास्त असलेल्यांना इशारा म्हणून. पुढे 1988 च्या पुस्तकात मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी अशा खरेदीच्या साखळीला दिदरोचंच नाव दिलं.

पण दिदरोच्या भिंतीत ओल नव्हती. घरकाम वाढतं ते दोन तऱ्हांनी, आणि खर्च बसतो तो दोन्हींची गल्लत झाली की. गळका पाइप, फुगलेला गिलावा, एसीचा भार न पेलणारी जुनी वायर हे टाळून चालत नाही. नव्या रंगाला जुना सोफा शोभत नाही, ही दुसरी तऱ्हा. ती सहा महिने थांबू शकते. बहुतेकदा तोवर सोफाच शोभू लागतो.

क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात. आधी पाण्याची कामं, मग भिंत खाचून वायरिंग, मग गिलावा, रंग सर्वांत शेवटी. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर नजर ठेवायची. टाइल्स बसवण्याआधी ही परीक्षा झालीच पाहिजे. नव्या टाइल्सचा एक खोका माळ्यावर ठेवला, तर पुढच्या गळतीत भिंत वाचते.

फोडाफोड नको म्हणून जुन्या लादीवरच नवी बसवण्याची युक्ती लोकप्रिय आहे. तळ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येतो. लगेच दारं अडतात आणि सुतार रंधा घेऊन हजर होतो. बाथरूममध्ये हेच केलं तर हॉलपेक्षा खाली असलेली पातळी वर येते आणि आंघोळीचं पाणी थेट बाहेर!

कॉलम, बीम आणि स्लॅब मात्र ‘काढलंच आहे’च्या यादीत कधीच येऊ नयेत. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साई सिद्धी इमारत कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर अंतर्गत बदलांचं काम चालू होतं. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अभिप्राय आणि सोसायटी-महापालिकेची परवानगी आधी, हातोडा नंतर.

एस्टिमेटमध्ये वाढीव कामाचे दर पहिल्याच दिवशी लिहून घ्यावेत. घर अर्धं उघडं पडल्यावर घासाघीस करायला जीव उरत नाही. आणि दिवाळीचा हट्ट कोकण-मुंबईकडे तरी सोडावा. चार महिने पाऊस प्यालेली बाहेरची भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी वाटते, आतून नसते. पुट्टी जानेवारीत भरली तरी पाहुण्यांचं काही अडत नाही.