पर्जन्यमापकाची परीक्षा

सह्याद्रीच्या माथ्यावर आषाढात पाऊस कोसळू लागला, म्हणजे त्याचे पाणी कोयना व कृष्णा या नद्यांतून सांगलीकडे धाव घेते. २००५ व २०१९ या वर्षी त्या शहराने महापुराचे उग्र रूप पाहिले. अशा वेळी पाण्याच्या आधी पाण्याची वार्ता पोहोचावी लागते. ही वार्ता देण्याच्या कामी डोंगरावर एकाकी उभी असलेली स्वयंचलित पर्जन्यमापक यंत्रे फार उपयोगी पडतात.

या यंत्राच्या तोंडाशी एक नरसाळे असते. त्याच्याखाली दोन कप्प्यांची डोलती पळी बसविलेली असते. एक कप्पा भरला की तो कलंडून रिता होतो व दुसरा वर येतो. किती वेळा पळी कलंडली, याची मोजणी यंत्र ठेवते आणि ती बिनतारी संदेशाने सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे पाठविते. तेथून संदेश पुण्याच्या हवामान केंद्रात उतरतो. १९८३ साली सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहावरही असे संदेश झेलण्याची सोय होती.

यंत्र अजिबात बंद पडले, तर संदेश थांबतो आणि बिघाड तत्काळ ध्यानी येतो. खरा धोका निराळाच आहे. नरसाळ्यात जांभळीचे एक पान अडकले, किंवा कोळ्याने पळीवर जाळे विणले, तर बाहेर मुसळधार पाऊस पडत असूनही यंत्र ठरल्या वेळी, अगदी स्पष्टपणे, ‘शून्य’ असा संदेश धाडीत राहते. मुक्या यंत्रापेक्षा असे खोटे बोलणारे यंत्र अधिक घातक होय.

म्हणून मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच तंत्रज्ञ डोंगर चढून जातो. नरसाळे पुसून, पळी सपाटीत आहे की नाही हे पाहून, तो एक लिटर पाणी मोजून घेतो. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर हे पाणी ५० मिलिमीटर पावसाइतके भरते. पळी दर अर्ध्या मिलिमीटरला कलंडत असेल, तर तिने १०० वेळा कलंडले पाहिजे. पाणी मात्र थेंबाथेंबाने सोडावे लागते. ते घाईने ओतले, तर पळी कलंडत असतानाच काही पाणी वाया जाते व मोजणी कमी भरते.

मग बिनतारी यंत्राची पाळी येते. आकाशकाच्या तारेच्या जोडात पाणी शिरले असेल, तर बाहेर जाणाऱ्या शक्तीचा काही भाग उलट परततो. तो मापकावर दिसतो. वाऱ्याने आकाशकाची दिशा फिरली असेल, तर संदेश उपग्रहापर्यंत नीट पोहोचत नाही. घड्याळही पारखावे लागते, कारण एकाच लहरीवर अनेक यंत्रे आळीपाळीने बोलतात. एकाचे घड्याळ चुकले, की दोघांचे संदेश एकमेकांत मिसळून दोन्ही निरुपयोगी होतात. सौर पट्टिकेवरील धूळ पुसणे हे सर्वांत सोपे काम. पण तेच राहिले, तर विद्युत्-घट पुरेसा भारला जात नाही आणि ढगाळ दिवसांत यंत्र थकते.

परीक्षेचा दिवस व वेळ तंत्रज्ञ न चुकता कळवितो. ते राहून गेले, तर त्या एक लिटर पाण्यामुळे वैशाखाच्या निरभ्र आकाशातून ५० मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद पुण्यात होईल!