घरोघरचा कचरा आणि शुल्काची आकारणी
घरातील कचरा उचलण्याचा खर्च कोणी सोसावा, हा नागरी प्रशासनापुढील जुना प्रश्न होय. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये वापरकर्ता शुल्क ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देण्यात आला. पुणे महानगरपालिकेने त्यापूर्वीच, २००८ मध्ये, कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला होता. या व्यवस्थेत मासिक शुल्क घरटी ठरले व ते थेट कचरावेचकांना मिळू लागले. झोपडपट्टीसाठी दर कमी ठेवण्यात आला. अशा व्यवस्थेत शुल्क हीच मजुरी असते. साहजिकच दरवाढ रखडली की कष्टकऱ्यांची मिळकत गोठते. ती एकाएकी लादली की वसुली थकते. म्हणून खर्चाचा हिशेब नागरिकांपुढे मांडून, ठरावीक मुदतीने अल्प वाढ करणे नगरपालिकांना व ग्रामपंचायतींनाही हितावह ठरेल.